रिकीब तीच, हाड वेगळं

ठिसूळ हाडांच्या जन्मजात आजारातलं (ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा) कानाचं ऑपरेशन म्हणजे ओटोस्क्लेरोसिसचंच, म्हणजे कानातलं हाड वाढून रिकीब जखडते त्या आजाराचंच, असं म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. पद्धत तीच: रिकीब, म्हणजे मधल्या कानातलं सगळ्यात आतलं हाड, तिच्या तळपट्टीला भोक पाडून ०.४ ते ०.६ मिमी जाडीचा पिस्टन, म्हणजे आवाज आत पोचवणारी कृत्रिम दांडी, बसवायचा. पण इथे तळपट्टी बऱ्याचदा जाड नि भुसभुशीत असते, रिकिबीचे दोन्ही पाय काडीसारखे, कधी आधीच मोडलेले. वरचं अस्तर इतकं पटकन रक्ताळतं, की भोक कुठे पाडायचं तेच दिसेनासं होतं. खरी काळजी ऐरणीची, म्हणजे रिकिबीला जोडलेल्या शेजारच्या हाडाची. पिस्टनची कडी तिच्या लांब दांड्यावर जरा जास्त आवळली तर दांडाच तुटतो, सैल राहिली तर आवाज पोचत नाही. उष्णतेने आपोआप मिटणाऱ्या नितिनॉलच्या (निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू) कडीत चिमट्याचा हा दाब टळतो, तेव्हा सर्जनना तिच्याबद्दल जरूर विचारा.

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) जाताना जुने सगळे ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचे आलेख, सोबत न्या. हवेतून आणि हाडातून ऐकू येण्यात जेवढी तफावत, तेवढीच ऑपरेशनने भरून निघू शकते. आतल्या कानाची हानी मात्र भरून निघत नाही. आणि भुलीच्या डॉक्टरांना आजार आधीच सांगा, डोकं वळवताना मान जपावी लागते.