धूर मारला की साथ जाते असं वाटणाऱ्यांसाठी (मोठं आहे, पण वाचा)

मनीषा_प
काल इथे शिरीषकाकांनी लिहिलं की पालिकेचं आरोग्य खातं म्हणजे धूर सोडायचा, नोटीस चिकटवायची आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत झोपायचं, वर आकडे लपवायचे. खाली धडाधड लाईक. माझी रात्रभर चिडचिड झाली म्हणून लिहितेय.

माझी आई 20 वर्षं आरोग्य सेविका आहे, मानधनावर. ती झोपत नाही हो काका. कुठे डेंग्यूची केस निघाली की आजूबाजूच्या घरांत ताप कुणाला, कधीपासून, गावाहून कोण आलंय, हे विचारत जिने चढते. पिशवीत टॉर्च, ओआरएसची पाकिटं, क्लोरीनच्या गोळ्या आणि ते जाडजूड रजिस्टर. साथ अशी अडवतात, घरोघर. धुराने फक्त त्या वेळी उडत असलेले डास मरतात, पाण्यातल्या अळीला काही होत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण 8-10 दिवस लागतात म्हणून तर आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करा म्हणून कानीकपाळी ओरडतात. पण धूर दिसतो, रजिस्टर दिसत नाही. मग नगरसेवकापासून सगळे धूर मागतात.

आणि दार कोण उघडतं तिला? गेल्या ऑगस्टमध्ये एका टॉवरच्या गेटवर चाळीस मिनिटं उभी होती, भर पावसात. वॉचमन म्हणाला सेक्रेटरी झोपलेत. त्याच बिल्डिंगमध्ये तापाचे पेशंट होते.

गिरणगावचा_विन्या
ताई, तुमच्या आईला नमस्कार, मनापासून. पण तुम्हीच लिहिलंत की केस निघाली की जातात. म्हणजे आधी कुणीतरी आजारी पडायचं, मग खातं जागं होणार.

आता माझं ऐका. आमच्याकडे पाणी पहाटे साडेचार ते साडेपाच. आई उठून तीन पिंपं भरते, दिवसभर तेवढंच. जुलैमध्ये फवारणीवाले दोघं आले, मधल्या पिंपात टॉर्च मारला, अळी आहे म्हणाले आणि अख्खं पिंप गॅलरीत आडवं केलं. अख्खं! आजी अंथरुणाला खिळलेली, तिचे कपडे धुवायचे होते. आईने शेजारून कळशी कळशी मागून दिवस काढला. आणि समोर बांधकाम चालू आहे त्याच्या तळघरात गुडघाभर पाणी साचलंय, त्या पत्र्याच्या आत जायची यांची हिंमत नाही. गरिबाचं पिंप दिसतं यांना.

शिरीष_का
मीच तो काका. माझ्या शब्दावर ठाम आहे. आमच्या विंगमध्ये तिघांचे डेंग्यूचे रिपोर्ट पॉझिटिव्ह, माझा पुतण्या त्यातलाच, पाच दिवस ॲडमिट, प्लेटलेट 22 हजारांवर आलेल्या. त्या आठवड्याच्या पालिकेच्या यादीत आमच्या भागात एकच केस. बाकीचे दोघं कुठे गेले? याला लपवणं नाही तर काय म्हणायचं?

आणि विनायकराव, पिंपं उघडी ठेवायची आणि मग ओतली म्हणून रडायचं, हे काही बरोबर नाही.

डॉ_अनघा
काका, मी सरकारी हॉस्पिटलला मेडिसिन वॉर्डमध्ये आहे. खाजगी लॅबमध्ये बहुतेक वेळा रॅपिड किटवर, म्हणजे पट्टीवर झटपट, टेस्ट होते. सरकारी यादीत पक्की केस म्हणून धरायला एलायझा ही जास्त खात्रीची रक्ततपासणी लागते, एनएसवन (विषाणूचा अंश शोधणारी) नाहीतर आयजीएम (त्याविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं शोधणारी). रॅपिड पॉझिटिव्ह म्हणजे संशयित. तुमच्या तिघांतल्या दोघांचं तसंच झालं असणार. कुणी लपवलं असं मला वाटत नाही. पण एक मान्य करते, काही खाजगी ठिकाणांहून रिपोर्ट यायला इतका उशीर होतो की तोवर त्या घरातल्या डासांची पुढची पिढी उडायला लागलेली असते. तिथे वचक नाही, आणि तो हवा.

दुसरं, विन्याला बोललात म्हणून. मलेरियाचा शहरी डास बिल्डिंगच्या गच्चीवरच्या टाक्यांमध्ये मजेत वाढतो. झाकण तुटलेलं किंवा ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नसली की झालं. चाळीचं पिंप आणि टॉवरची टाकी दोन्ही सारखीच. आणि मलेरियाच्या गोळ्या ताप गेला की सोडणारे पेशंट मला सगळ्या थरांतले भेटतात. व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियाला प्रायमाक्विनची गोळी 14 दिवस घ्यायचीच असते, नाहीतर यकृतात दडलेला जंतू दोन महिन्यांनी परत उठतो आणि तुमच्याकडून तो पुन्हा डासाकडे जातो.

गिरणगावचा_विन्या
शिरीषकाका "रडायचं" हा शब्द मागे घ्या. तुमच्याकडे नळ फिरवला की पाणी. एक तास पाणी येत असेल तर माणूस साठवणारच, हौस म्हणून पिंपं ठेवत नाही कुणी. एक तासाऐवजी चार तास पाणी द्या, पिंपं आपोआप जातील. ती फाईल वेगळ्या खात्यात, नोटीस वेगळ्या खात्याची. पाणी खातं आणि आरोग्य खातं एकमेकांशी बोलतात तरी का?

सुलभा_आत्या
अरे पिंपाला जुन्या धोतराचं किंवा साडीचं दुहेरी फडकं बांधायचं, वरून सुतळी घट्ट. आमच्या सासूबाई 40 वर्षं तेच करायच्या, एक अळी नाही दिसली कधी.

गिरणगावचा_विन्या
आत्या, दिवसातून तीस वेळा तांब्या बुडवायचा तर सुतळी किती वेळा सोडणार? प्लास्टिकचं झाकण आणलं होतं, पोरांनी चेंडू मारून फोडलं. पाण्याचा प्रश्न आहे हो हा, फडक्याचा नाही.

मनीषा_प
विन्या, मी आत्ता आईला विचारलं. ती म्हणाली, नुसतं ओतून काही उपयोग नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पिंपाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेघेच्या जरा वर चिकटलेली असतात. काळी, बारीक, खसखशीएवढीही नाहीत. कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. त्यामुळे आतून काथ्याने खसाखसा घासायला लागतं. आणि भरलेलं पिंप असेल तर ती पाणी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यायला लावते, ते धुण्याभांड्याला चालतं, मग रिकामं पिंप घासायचं.

गिरणगावचा_विन्या
म्हणजे माझंच खरं ना? पाणी गेलं, अंडी राहिली, आजीचे कपडे तसेच. वर नोटीस.

मनीषा_प
हो. तुझ्याकडे चुकीचं झालं. पाणी गाळून द्यायला हवं होतं, घासून दाखवायला हवं होतं. पण त्या दोघांना दिवसाला किती घरं करायची असतात ते बघ, आणि त्यांना बोलताना आपण काय भाषा वापरतो तेही.

रुखसाना_गोवंडी
मला एक सांगायचंय. 2022 ला आमच्याकडे गोवर आला तेव्हा माझ्या भाचीला एकही लस नव्हती. पहिल्या लसीला मोठ्या मुलाला ताप आला होता म्हणून भाऊ ऐकतच नव्हता. सेविका पाच वेळा आल्या. चौथ्या वेळी भावाने तोंडावर दार लावलं. पाचव्या वेळी त्या एकट्या आल्या, माझ्या अम्मीशेजारी बसून चहा प्यायल्या, लसीचा विषय काढलाच नाही, नुसतं शेजारच्या गल्लीतलं लेकरू कस्तुरबा हॉस्पिटलमध्ये कसं आहे ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः घेऊन गेला. साथ होती म्हणून तेव्हा 6 ते 9 महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस देत होते. त्या बाई नसत्या तर आमच्या घरात काय झालं असतं, मला विचारही करवत नाही.

जुनी_मुंबई
रुखसानाताई लाखमोलाचं बोलल्या. 1896 ला मुंबईत मांडवीला प्लेग निघाला, डॉ. व्हिएगस यांनी ओळखला. मग माणसं उचलून हॉस्पिटलात नेणं, घरं धुऊन काढणं सुरू झालं. लोक इतके घाबरले की आजारी माणूस लपवायला लागले, शहर सोडून पळाले, आणि गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला. तेच आजचं कस्तुरबा. विन्याचं पिंप आडवं करणं ही त्याच वळणाची गोष्ट आहे. पुढच्या वेळी तो माणूस आला की विन्याची आई पिंप मोरीच्या मागे सरकवेल.

गिरणगावचा_विन्या
सरकवलंय आधीच. खरं सांगतो.

शिरीष_का
"रडायचं" मागे घेतो. एलायझाचं मला माहीत नव्हतं, तेही मान्य. पण मग यादीत संशयितांचा वेगळा रकाना छापा ना, लोकांना निदान कळू दे. तो मुद्दा मी सोडणार नाही.

डॉ_अनघा
तो मुद्दा सोडूही नका. आणि पावसात गुडघाभर पाण्यातून चालत आलात तर 72 तासांच्या आत दवाखान्यात जाऊन डॉक्सीसायक्लिन या औषधाचं विचारा, पायाला जखम असेल तर नक्कीच. 2005 च्या पुरानंतर लेप्टोने (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाने) किती माणसं गेली ते आमचे सर अजून सांगतात.

मनीषा_प
विन्या, पत्ता मला मेसेज कर. शनिवारी आईला सुट्टी आहे, आम्ही दोघी येतो, काथ्या घेऊन. आजीसाठी पाणी आधी गाळून ठेवू.

गिरणगावचा_विन्या
पाठवला. पण या पाणी भरून झाल्यावर, सहानंतर. आणि त्या बांधकामाच्या तळघराचं अर्ज लिहायला मदत करा, सह्या मी गोळा करतो.