टीव्हीवर पत्रिकेची लाल अक्षरं पसरतात, काय करू?

खणभागातली डीटीपीवाली, सांगली
नमस्कार. घराला लागूनच माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, सगळं कोरल ड्रॉमध्ये करते. ऐन लगीनसराईत मॉनिटर गेला, म्हणून हॉलमधला 43 इंची फोर-के टीव्ही एचडीएमआयनं जोडलाय.

फोटो झकास दिसतात, पांढऱ्यावरची काळी अक्षरंही ठीक. पण पिवळ्यावर लाल अक्षरं आली की पसरतात. ‘श्री सिद्धनाथ प्रसन्न’मधला द्ध म्हणजे नुसता डाग. ‘चि. सौ. कां.’मधल्या ‘कां’वर टिंब आहे की नाही, तेच कळत नाही. तीच पीडीएफ मोबाईलवर पाठवली तर अक्षर न् अक्षर मोकळं. म्हणजे फाईलमध्ये खोट नाही. शार्पनेस वाढवून बघितला, तर अक्षरांभोवती पांढरी कड आली. एक टिंब सुटलं तर 500 पत्रिका माझ्या अंगावर येतात, आणि पार्टीचा मुहूर्त काय थांबत नाही. टीव्हीच बिघडलाय का?

मिरजेचा टीव्ही दुरुस्तीवाला
ताई, टीव्ही चांगला आहे. सिनेमाच्या चित्रात उजेड-अंधार प्रत्येक ठिपक्याचा वेगळा साठवतात, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकच. लांबून बघताना डोळ्याला फरक कळत नाही. टीव्ही संगणकाचं चित्रही तसंच घ्यायला लागला की काळं-पांढरं सुटतं, कारण तिथं फरक उजेडाचा असतो. लाल-पिवळ्यात उजेडाबरोबर रंगाचाही फरक मोठा, म्हणून तुमची पत्रिकाच नेमकी सापडली.

रिमोटवर इनपुटच्या यादीत जा आणि त्या एचडीएमआयला ‘पीसी’ हे नाव द्या. बऱ्याच टीव्हींत नुसत्या नावानं रंग पूर्ण मिळायला लागतो. शार्पनेस खाली आणा, कड जाईपर्यंत. कडेची पट्टी कापली जात असेल तर चित्राचा आकार ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ करा.

खणभागातली डीटीपीवाली, सांगली
दादा, ‘पीसी’ केलं. पांढरी कड गेली, पण लाल तसंच. संगणक जुना आहे, ग्राफिक्स कार्डही.

साताऱ्याहून
मग गाठ कार्डात आहे. जुन्या कार्डांवर असतं त्या एचडीएमआय 1.4 वर फोर-के चित्र पूर्ण रंगात सेकंदाला 30 वेळाच जातं. 60 वेळा पाठवायचं म्हटलं की काही जुनी कार्डं रंग कापून जागा करतात. कार्डाच्या सेटिंगमध्ये 30 हर्ट्झ घेऊन रंग ‘आरजीबी’ (म्हणजे न कापलेला, पूर्ण) करून बघा. अक्षर लगेच सुटेल, माऊस मात्र ओढल्यासारखा चालेल. कार्डाला डिस्प्लेपोर्ट (स्क्रीन जोडायचं दुसऱ्या प्रकारचं तोंड) असेल तर तिथून एचडीएमआय 2.0 चा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लावा, दोन्ही साधेल.

आणि चित्राचा मोड ‘व्हिविड’वरून ‘सिनेमा’वर न्या. व्हिविडमध्ये पिवळा भडक दिसतो, तुम्ही तो कमी करत बसाल आणि छापून फिका येईल.

ज्यांच्याकडं 32 इंची एचडी रेडी टीव्ही आहे त्यांनी या फंदात पडू नये. तिथं इंचाला जेमतेम 49 ठिपके, तुमच्या 43 इंची फोर-केवर 100 च्या वर. बारीक जोडाक्षर त्या 49 मध्ये बसतच नाही.

खणभागातली डीटीपीवाली, सांगली
30 हर्ट्झ आणि आरजीबी केलं, आणि द्ध उघडला! माऊसला ओझं बांधल्यासारखं वाटलं, तरी रात्री दोन पत्रिका तशाच संपवल्या. दुसऱ्या दिवशी कन्व्हर्टर आणला, आता माऊसही हलका चालतो. पार्टी आली की टीव्ही त्यांच्याकडं वळवते. पूर्वी मॉनिटरभोवती चार माणसं वाकून उभी राहायची, ते थांबलं. दोघांचेही मनापासून आभार.

आज सकाळी नवरीचे आजोबा प्रूफ बघायला आले होते. खुर्चीतूनच अख्खी पत्रिका वाचली, मग उठून ‘कां’वर बोट ठेवून म्हणाले, “इथं टिंब दिलंय न्हवं?” दिलं होतं, आणि दिसतही होतं.