मदत हवी आहे: एचडीजे८१ घेऊ का? मीटर एक सांगतो, स्टिकर दुसरंच

नमस्कार. एका गाडीपाशी अडले आहे आणि विकणाऱ्याला रविवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. ज्यांनी जुन्या जपानी डिझेल गाड्या स्वतः वापरल्या आहेत त्यांनी जरूर लिहा.

गाडी १९९३ची लँड क्रूझर ८० सिरीज आहे, जपानच्या बाजारासाठी बनलेली एचडीजे८१. इंजिन १एचडी-टी, म्हणजे ४१६४ सीसी, सहा सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन आणि टर्बो. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. ती कधीच आयात होऊन नोंदलेली आहे, कागदपत्रं स्वच्छ आहेत, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही. प्रश्न फक्त गाडीच्या तब्येतीचा आहे.

मी शाळेत असताना काकांकडे हीच सिरीज होती, बिनटर्बोच्या १एचझेड इंजिनाची. लो गिअरमध्ये ती दगडधोंड्यांवरून माणूस चालेल त्या वेगाने चढायची आणि काका ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घ्यायचे. ते तेव्हापासून डोक्यात बसलं आहे. पण नुसत्या आठवणीवर एवढी मोठी खरेदी करायची नाही, म्हणून दोन वेळा जाऊन तपासून आले.

पहिल्यांदा जाताना विकणाऱ्याला सांगून ठेवलं होतं की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. बॉनेट आणि रेडिएटर हाताला थंडगार लागले, तेव्हा चावी फिरवली. प्रीहीटिंगचा दिवा विझल्यावर लगेच सुरू झाली. पांढरा धूर मिनिटभर होता, मग गेला. निळा अजिबात दिसला नाही. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडलं तर किंचित वाफ होती, फुसफुस नव्हती. तासभर चालवून पुन्हा पाहिलं, रेडिएटरचे पाइप दगडासारखे कडक झाले नव्हते. म्हणजे हेड गॅस्केटबद्दल सध्या तरी शंका नाही. मोकळ्या मातीवर सेंटर डिफ लॉक (पुढचा आणि मागचा ॲक्सल एकत्र जखडणारं) आणि लो गिअर दोन्ही लागले.

मग गाडीखाली झोपले. पुढची चासी चांगली आहे. मागे, जिथे कंट्रोल आर्मचे ब्रॅकेट येतात, तिथे ताजा काळा लेप आहे आणि नेमका तेवढ्याच भागात आहे. हातोडीने ठोकून पाहिलं, आवाज टणक आला, तरी तो लेप मनात खुपतो आहे. पुढच्या उजव्या नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर) काळं, पातळ ग्रीस ओघळलेलं आहे. आतलं सील गेलं की डिफचं (ॲक्सलमधल्या गिअरपेटीचं) ऑइल नकलमध्ये उतरून असं कालवण होतं, एवढं मला माहीत आहे.

हे सगळं चालण्यासारखं होतं. पण दुसऱ्या भेटीत इंजिनाच्या बाजूला एक मळका स्टिकर दिसला. जपानमध्ये टायमिंग बेल्ट बदलला की गॅरेजवाले तारीख आणि किलोमीटर लिहून असा स्टिकर लावतात. घासून वाचला. जपानी कालगणनेतलं हेसेई १३, म्हणजे २००१, आणि १,९८,००० किलोमीटर. आजचा मीटर १,७१,००० दाखवतो!

विकणाऱ्याला अजून बोलले नाही. तो या गाडीचा आयातीनंतरचा दुसरा मालक आहे, त्याच्या खरेदीच्या कागदावरही कमीच आकडा आहे, आणि मला तो माणूस खोटा वाटत नाही. स्टेअरिंगची झीज, ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची बसलेली कड, सगळं स्टिकरच्या बाजूने बोलतं.

आता मला सगळ्यात जास्त भीती बिग एंड बेअरिंगची (पिस्टनचा रॉड क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जोडतो तिथली) आहे. १२ व्हॉल्व्हच्या १एचडी-टीमध्ये ती लवकर झिजतात, हे सगळीकडे वाचलं. बदलल्याची एकही पावती नाही. विकणाऱ्याने मला दाखवायच्या आधी नवं ऑइल भरलं आहे. त्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला तर काही कळेल का? की आवाजावरून कोणी जाणकार सांगू शकेल? आणि खरे किलोमीटर माहीत नसलेली गाडी घ्यावीच का?

प्रतिसाद

ताई, याच इंजिनाची गाडी मी बारा वर्षं वापरतो आहे, तेव्हा थोडं मोकळेपणाने लिहितो.

नव्या ऑइलचा नमुना देऊ नका, पैसे वाया जातील. ऑइल काही हजार किलोमीटर फिरलेलं असेल तरच त्यात शिसं, तांबं, कथील यांचं प्रमाण वाढलेलं दिसतं आणि बेअरिंगबद्दल अंदाज येतो. आवाजावर तर मुळीच विसंबू नका. ही बेअरिंग ठोका देऊ लागतात तेव्हा बऱ्याचदा क्रँकला इजा होऊन चुकलेली असते. माझ्या ओळखीतली एक गाडी आदल्या दिवशीपर्यंत घड्याळासारखी चालत होती.

खात्रीचा मार्ग एकच, चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवून बघायचं. इंजिन बाहेर काढावं लागत नाही, खालूनच एकेका रॉडची कॅप खोलता येते. बघताना बेअरिंगची खालची अर्धी वाटी पाहून समाधान मानू नका. भार वरच्या वाटीवर येतो, तीच आधी झिजते. राखाडी थर जाऊन तांबूस दिसलं की तिचा काळ संपला. आणि एवढं उघडलंच आहे तर वाट्या चांगल्या दिसल्या तरी सहाच्या सहा जोड्या नव्या घाला, रॉडचे बोल्टही नवे घ्या.

किलोमीटरबद्दल माझं मत असं की एवढ्या जुन्या आयात गाडीत मीटर हा सगळ्यात कच्चा पुरावा. सव्वादोन लाख चाललेली आणि दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदललेली गाडी मी डोळे मिटून घेईन, लाखभर चाललेली पण हेळसांड झालेली घेणार नाही. ही गाडी जपानबाहेर गेली म्हणजे टाकाऊ होती असंही समजू नका. २००१ साली तिथला नॉक्स-पीएम (गाड्यांच्या धुराबद्दलचा) कायदा कडक झाला आणि मोठ्या शहरांच्या पट्ट्यात जुन्या डिझेलची नोंदणी टिकवणं अशक्य झालं. त्यात उत्तम गाड्याही बाहेर पडल्या.

काळ्या लेपाची शंका मात्र रास्त आहे. विकणाऱ्याची परवानगी घ्या आणि तारेच्या ब्रशने हातभर भाग उघडा करून बघा. टायमिंग बेल्ट कुठल्याही परिस्थितीत बदला, तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. आणि तापमानाच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. या गाडीचा काटा बराच वेळ मध्यावर थिजलेला असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. वेगळा सेन्सर बसवा.

धागाकर्ती

मनापासून आभार. शनिवारी विकणाऱ्याला स्टिकर दाखवला. तो बराच वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मलाही असंच विकलं असणार." चेंबर उतरवायला त्याने स्वतःहून होकार दिला, मजुरी मी देते म्हटलं.

लेपाखाली वरवरचा गंज होता, पत्रा भक्कम निघाला. बेअरिंगच्या बाबतीत तुमचा शब्द खरा ठरला. खालच्या सगळ्या वाट्या स्वच्छ होत्या, त्यांच्यावरच थांबले असते तर निश्चिंत होऊन घरी आले असते. वरच्यांपैकी तिसऱ्या आणि सहाव्या सिलिंडरच्या वाट्यांवर तांबं उघडं पडलं होतं. क्रँकवर ओरखडा नाही, मेकॅनिकने प्रत्येक जर्नल (क्रँकवर बेअरिंग बसते तो भाग) मोजलं, सगळी मापात आहेत. नव्या वाट्या मूळ मापाच्याच बसल्या, फट प्लास्टिगेजने (चेपून फट मोजायच्या प्लास्टिकच्या बारीक धाग्याने) तपासली.

या कामाचा आणि बेल्टचा खर्च किमतीतून वजा करून आम्ही व्यवहार पक्का केला. विक्रीच्या करारावर "मीटरचा आकडा खरा नाही" असं दोघांच्या सहीने लिहून घेतलं, म्हणजे पुढे कधी मी विकली तर घेणाऱ्याला स्टिकर शोधावा लागणार नाही. तो स्टिकर होता तिथेच ठेवला आहे.

आता उजवी नकल उघडायची आहे. सीलचा संच आला, पण स्टेअरिंग आर्मच्या स्टडवरचे शंकूसारखे वॉशर हलायला तयार नाहीत. दोन दिवस तेल पाजून झालं. पितळी दांडा आर्मवर ठोकून ते सुटतात असं वाचलं आहे. नेमका कुठे ठोकायचा, आणि नट पूर्ण काढून की टोकाशी राखून, हे कोणी केलेल्याने सांगाल का? स्टडचे आटे खराब करायचे नाहीत.