सबरूटीन आणि सेक्शन : मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी : असेंब्लीच्या, म्हणजे प्रोसेसरला जवळजवळ थेट सूचना लिहायच्या भाषेच्या, टिपणांचं मराठी करतेय. 'सेक्शन'ला विभाग केलं, 'सबरूटीन'ला उपविभाग. तपासणाऱ्यांनी उपविभागावर फुली मारून 'उपनित्यक्रम' लिहून पाठवलं. हा शब्द कुणी कधी ऐकलाय?

खोडरबर : उपनित्यक्रम म्हणजे दुपारची झोप! पण फुली योग्यच आहे. उपविभाग म्हटलं की तो विभागाचा तुकडा वाटणार. सेक्शन ही जागेची वाटणी: सूचना '.टेक्स्ट'मध्ये, आरंभीची किंमत दिलेला डेटा '.डेटा'मध्ये, नुसती राखून ठेवायची जागा '.बीएसएस'मध्ये. सबरूटीन ही कामाची वाटणी: हाक मारली की ठरलेलं काम करून परत पाठवणारा सूचनांचा गट. त्याच्या सूचना एकीकडे आणि त्याला लागणारं टेबल भलतीकडे, असं सर्रास असतं.

शुद्धमती : 'परिपाठ' हा सोन्यासारखा शब्द असताना रूटीन कशाला? सबरूटीन म्हणजे उपपरिपाठ.

सहज_सुचलं : परिपाठ म्हणजे शाळेतली असेंब्ली. असेंब्लीत असेंब्ली! 😀

शुद्धमती : मग 'राबता' घ्या. राबता म्हणजे नेहमीची ये-जा. 'रूटीन'च्या मुळाशी फ्रेंच 'रूट', म्हणजे वाटच आहे.

खोडरबर : राबता अरबीतून आलाय. तो चालतो, रूटीन चालत नाही?

जुनं_खोड : 8085 या प्रोसेसरवर आम्ही सरळ 'सबरूटीनला जाऊन येतो' म्हणायचो. 'कॉल' या सूचनेने परतीचा पत्ता स्टॅकवर, म्हणजे शेवटी ठेवलेलं आधी उचलायच्या मेमरीतल्या ढिगावर, जायचा, 'रेट'ने तो उचलून परत. पीडीपी-8 या जुन्या संगणकावर स्टॅकच नव्हता. तिथे 'जेएमएस' ही सूचना परतीचा पत्ता सबरूटीनच्या पहिल्याच शब्दात (म्हणजे मेमरीच्या घरात) लिहायची, त्यामुळे सबरूटीनने स्वतःलाच हाक मारली की आधीचा पत्ता पुसला गेलाच. आणि ट्युरिंगच्या एसीई या संगणकाच्या 1946 च्या आराखड्यात या जाण्या-येण्याला शब्द होते 'बरी' आणि 'अनबरी'. पुरणे आणि उकरणे! यापुढे तुमचे परिपाठ फिके.

शब्दवेडी : वा! पण माझं सेक्शन राहिलं. '.टेक्स्ट'ला 'मजकूर विभाग' केलं तर?

खोडरबर : अजिबात नको. वाचक त्यात स्क्रीनवर दिसणारे संदेश शोधत बसेल. सूचना-विभाग म्हणा. आणि सेगमेंटसाठी शब्द आत्ताच राखून ठेवा. एल्फ साच्यातली प्रोग्रॅमची फाइल मेमरीत चढते तेव्हा अनेक सेक्शन मिळून एक सेगमेंट होतो. दोन्हीला विभाग म्हणालात तर 'एका विभागात अनेक विभाग' असं वाक्य नशिबी येईल. सेगमेंटला खंड बरा.

शुद्धमती : खंड म्हणजे मोडणंही. 'खंड पडला' म्हणतोच की आपण.

सहज_सुचलं : ते राहू द्या, स्टॅकला काय म्हणता? मी 'उतरंड' वाचलंय कुठेतरी.

जुनं_खोड : उतरंडीत मडकी वर वर लहान होत जातात. स्टॅकवरचे पत्ते एकाच मापाचे. चळत म्हणा.

खोडरबर : चळत वर चढते. 8085 चा स्टॅक खालच्या पत्त्यांकडे वाढतो. मग 'उतरंड'मधला 'उतर' तरी कामाचा!

शुद्धमती : त्या 'उतर'चा उतरण्याशी संबंध कशावरून?