पंचांशी आपले वागणे : अनुभव

डिसेंबर २०१२ मध्ये नेदरलँड्समधील आल्मेर येथे किशोरांच्या फुटबॉल सामन्यानंतर खेळाडूंनी केलेल्या मारहाणीत एका लाइन्समनचा (रेषेवरील सहायक पंचाचा) मृत्यू झाला. त्याचा स्वतःचा मुलगा त्याच सामन्यात खेळत होता. इतक्या टोकाला न गेलेले, परंतु रोजचे अनुभव आणि त्यांवर उपयोगी पडलेले उपाय येथे लिहावेत, ही विनंती. संघांची व व्यक्तींची नावे टाळावीत.

पंच, कोल्हापूर

आमच्याकडे संघ तालमींचे आणि प्रेक्षक पेठांचे असल्यामुळे निर्णय मैदानावर संपत नाही, तो पंचाच्या मागोमाग घरी येतो. एकदा शेवटच्या मिनिटाचा गोल मी ऑफसाइड ठरवला, तर परतताना मोटारसायकलच्या दोन्ही चाकांतील हवा सोडलेली होती आणि सकाळी दूधवाल्यानेही "गोल होता की ओ!" असे सुनावले. (तो सामन्याला आलाच नव्हता.) तेव्हापासून नाणेफेकीच्या वेळीच मी दोन्ही कर्णधारांना सांगतो, की शंका तुम्ही विचारा, मी कारण सांगेन, इतरांनी घोळका केला तर मात्र पिवळे कार्ड निघेल. २०२४ च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत हीच पद्धत दिसल्यापासून पोरांना ती पटवून द्यावी लागत नाही. कारण सांगणे कमीपणाचे मानणारे पंच आमच्यातही आहेत, आणि निम्मी भांडणे तिथेच सुरू होतात.

पालक, इंग्लंड

येथील फुटबॉल संघटनेने २००८ मध्ये 'रिस्पेक्ट' मोहीम सुरू केली, तेव्हापासून मुलांच्या सामन्यांना पालकांना दोरीमागे उभे करण्याची पद्धत रुळली. दोरी कोणालाही अडवू शकणार नाही इतकी किरकोळ असते, तोंड तर ती मुळीच अडवत नाही. "हँडबॉल!" म्हणून मी असा ओरडलो, की पंच असलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने दचकून शिट्टीच वाजवली. गाडीत मुलगा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "बाबा, ती आमच्याच शाळेत आहे." पुढच्या रविवारी मी तिची माफी मागितली. प्रौढांच्या स्थानिक सामन्यांत हुज्जत घालणाऱ्याला दहा मिनिटे बाहेर काढतात. संघ एकाने कमी झाला, की सहकारीच त्याला आवरतात.

शालेय प्रशिक्षिका, पुणे

सरावाच्या सामन्यांत मी मुलांना आळीपाळीने पंच करते. सर्वांत जास्त वाद घालणाऱ्या मुलाने दहाव्या मिनिटाला शिट्टी परत आणून दिली. "मॅडम, मी चेंडू बघू की पाय?" पालकांसाठीही असा एक सामना ठेवला, तेव्हा खेळायला चौदा जण आले, शिट्टी घ्यायला कोणीच पुढे येईना, म्हणून ती शेवटी त्याच मुलाने घेतली.