सेन्सरआधी अर्थिंग तपासा

गाडीच्या कॉम्प्युटरने क्रँक सेन्सरचा (इंजिन कसं फिरतंय ते टिपणारा) एरर कोड दिला की आधी तोच बदला, असा सल्ला देतात; मला तो घाईचा वाटतो. कोड एवढंच सांगतो की सिग्नल बिघडलाय, कशामुळे ते नाही. माझ्या २५ वर्षं जुन्या टू-सीटरपायी मी असे दोन सेन्सर वाया घालवले (दुसरा तर ओरिजिनल, महागडा!).

शेवटी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला लावली आणि भावाला स्टार्टर मारायला सांगितलं. ०.२ व्होल्टच्या आत हवं, आलं ०.९, म्हणजे गडबड अर्थिंगमध्ये. अर्थिंगची पट्टी (इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी) वरून ठणठणीत, बोल्ट काढला तर खाली हिरवट पूड, म्हणजे गंज. गाडी बंद ठेवून ओहममध्ये (रेझिस्टन्स) मोजलं तर हे सापडत नाही. मीटरच्या नखभर करंटला पट्टीतली एक शाबूत तारही पुरते, स्टार्टरच्या मोठ्या करंटला नाही.