सावकारी कर्जावर प्रबंध करायचाय, ग्रंथालयात सुरुवात कुठून करू?

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. मी एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव मोहोळ तालुक्यात, शेती बरीचशी कोरडवाहू. लघुप्रबंधाला विषय घेतलाय: सोलापूर जिल्ह्यातल्या ज्वारी पिकवणाऱ्या कुटुंबांचं कर्ज. बँकेचं किती, सहकारी सोसायटीचं किती, सावकाराचं किती. विषय मुद्दाम निवडलाय. लहानपणी आमच्या घरी दोन वह्या असायच्या. एक सोसायटीची, ती आई पण बघायची. दुसरी वडील कपाटात कुलूप लावून ठेवायचे. त्या दुसऱ्या वहीबद्दल आजवर कुणी काही लिहिलंय का, हे मला शोधायचंय.

सरांनी दिवाळीपर्यंत संदर्भसाहित्याचा आढावा मागितलाय. ग्रंथालयात चार दिवस बसले. संगणकावर 'फार्मर लोन महाराष्ट्र' टाकलं की नुसत्या कर्जमाफीच्या बातम्या. एक निबंध अगदी हवा तसा सापडला, तर तो वाचायला चाळीस डॉलर मागतात. काउंटरवर विचारलं, "शेतीकर्जावर काही आहे का?" उत्तर आलं, "तिसऱ्या रांगेत बघा." तिथं बी.ए.ची क्रमिक पुस्तकं. कुणी वाट दाखवेल का?

कपाट ३३०

सीनाकाठ, मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस अर्थशास्त्र विभागात. तुझी दुसरी वही वाचली आणि लगेच लिहायला बसले.

काउंटरवर तू विषय विचारलास, प्रश्न विचारला नाहीस. "शेतीकर्ज" म्हटलं की समोरचा रांग दाखवणार. उद्या संदर्भ विभागात जा, काउंटरवर नको, आणि असं सांग: "सोलापूरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी संस्थांबाहेरून घेतलेलं कर्ज, जितकं जुनं मिळेल तितकं हवंय." मग समोरचा माणूस खुर्चीतून उठतो. मी स्वतः उठलेली आहे.

आता शब्द. तू आजच्या वर्तमानपत्राचे शब्द टाकतेस, म्हणून वर्तमानपत्रं येतात. ज्यांनी लिहिलं त्यांचे शब्द टाकायला हवेत. अर्थशास्त्रज्ञ सावकाराला 'इन्फॉर्मल क्रेडिट' किंवा 'नॉन-इन्स्टिट्यूशनल' म्हणतात. इंग्रज अधिकारी 'साउकार' लिहायचे, तेही दोन-तीन स्पेलिंगांनी. आणि तुझा जिल्हा जुन्या कागदांत 'शोलापूर' आहे, एस नंतर एच. हे एक अक्षर न घातल्यामुळे शंभर वर्षांचं साहित्य हातचं गेलेले विद्यार्थी मी पाहिलेत.

'शोलापूर' टाकलंस की १८८४ चं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, येईल, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला विसावा खंड. त्यात 'कॅपिटल' नावाचं प्रकरण आहे. सावकार कोण, व्याज काय, खतं म्हणजे कर्जरोखे कसे लिहून घेत, सगळं तिथं. त्याच्या जोडीला दख्खनच्या दंग्यांवरच्या आयोगाचा अहवाल बघ. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला लोकांनी सावकारांची खतं जाळली, तिथून तो सुरू होतो. त्यातून १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला, आणि तो ज्या चार जिल्ह्यांना लावला त्यात पुणे, सातारा, नगरबरोबर सोलापूर होतं. म्हणजे तुझा आढावा २००० सालापासून सुरू करायचं कारणच नाही.

सरकारी अहवाल शोधताना आणखी एक फसगत होते. लोक त्याला अध्यक्षाच्या नावाने ओळखतात आणि ग्रंथालयाच्या सूचीत तो समितीच्या नाहीतर खात्याच्या नावाखाली असतो. सगळे 'गोरवाला समिती' म्हणतात, पण शोधायचा 'ऑल इंडिया रूरल क्रेडिट सर्व्हे'. पाहणी १९५१-५२ ची, अहवाल १९५४ चा. शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा तेव्हा जेमतेम ३.१ टक्के होता, सावकारांचा ७० टक्क्यांच्या आसपास. ही पाहणी तुझा पाया. त्या समितीत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळही होते.

त्यांच्याच नावाचं ग्रंथालय पुण्याला गोखले इन्स्टिट्यूटमध्ये आहे. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाच्या स्थापनेपासूनचा, म्हणजे १९०५ पासूनचा संग्रह. बरीचशी जुनी पुस्तकं आणि अहवाल त्यांच्या डिजिटल भांडारात फुकट उतरवता येतात, आधी ते घरबसल्या चाळ. प्रत्यक्ष जायचं ठरलं तर मार्गदर्शकांचं पत्र आणि ओळखपत्र घे, आणि निघण्याआधी फोन कर. मोहोळहून पुणे म्हणजे अख्खा दिवस जातो.

चाळीस डॉलर अजिबात भरू नकोस. तुझं विद्यापीठ राज्य सरकारचं असेल तर जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झालीत. ग्रंथालयात जाऊन घरून वापरायचं लॉगिन मागून घे, तो तुझा हक्क आहे. तरीही निबंध बंद निघाला तर त्याचं नाव 'रेपेक'वर, म्हणजे अर्थशास्त्रातल्या निबंधांच्या फुकट सूचीवर टाक. अर्थशास्त्रात निबंध छापून येण्याआधी बहुतेक वेळा 'वर्किंग पेपर' म्हणजे मसुदा म्हणून फिरतो आणि ती प्रत फुकट असते.

'शोधगंगा'वर, म्हणजे देशातल्या पीएच.डी. प्रबंधांच्या संकेतस्थळावर, प्रबंध शोधताना आधी शेवटचं प्रकरण उघड, संदर्भसूचीचं. तुझ्याच विषयावर कुणीतरी चार-पाच वर्षं घालवून ती केलेली असते.

गुणक

३३० ताईंनी जुनं सांगितलं, मी आकड्यांचं सांगतो. राष्ट्रीय नमुना पाहणीची ७७ वी फेरी, २०१९ ची. कुटुंबागणिक आकडे सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नोंदणी करून मोफत मिळतात. महाराष्ट्राचा कोड २७.

या एकाच फेरीत दोन वेगळ्या पाहण्या आहेत. कर्ज आणि गुंतवणुकीची पाहणी सांगते, ग्रामीण कुटुंबांपैकी ३५ टक्के कर्जात. शेतकरी कुटुंबांच्या स्थितीची पाहणी सांगते ५०.२ टक्के. दोन्ही बरोबर आहेत. पहिलीत गावातली सगळी कुटुंबं येतात, दुसरीत फक्त शेतकरी कुटुंबं, म्हणजे वर्षाला ४००० रुपयांच्या वर शेतीमाल काढणारी आणि किमान एक माणूस स्वतःच्या शेतीत असलेली. यातला कुठला आकडा का घेतला ते पहिल्याच पानावर लिही. तोंडी परीक्षेत नेमकं हेच विचारतात.

एकट्या सोलापूर जिल्ह्याची टक्केवारी मात्र यातून काढू नकोस, जिल्ह्यापुरता नमुना फार लहान पडतो. पश्चिम महाराष्ट्राचा विभाग धर. जिल्ह्यासाठी राज्याची आर्थिक पाहणी आणि सहकार खात्याकडची परवानाधारक सावकारांची माहिती बघ. त्यात बिनपरवान्याचे सावकार येत नाहीत, हे विसरू नकोस.

आणि हे तुला कुणी सांगितलंय का? हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९७५ पासून सहा गावांचा अभ्यास केला. त्यातली दोन सोलापूर जिल्ह्यातली, शिरापूर आणि कळमण. प्रत्येक गावात ४० कुटुंबं, दहा भूमिहीन आणि तीस लहान-मध्यम-मोठे शेतकरी. माहिती गोळा करणारा माणूस गावातच राहायचा आणि दर काही आठवड्यांनी उत्पन्न, खर्च, देणंघेणं लिहून घ्यायचा. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांचा १९९४ साली 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात आलेला निबंध याच आकड्यांवर उभा आहे. एका घराचं पीक बुडालं तर त्याचं खाणंपिणं किती घटतं, गाव त्याला किती सांभाळून घेतं, हा त्याचा प्रश्न. त्यात शिरापूर आहे.

सीनाकाठ

शिरापूर!! मंडळी, मी ते नाव जगातल्या एवढ्या मोठ्या नियतकालिकात असेल असं स्वप्नातही पाहिलं नव्हतं. आज संदर्भ विभागात ताईंचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. तिथल्या मॅडम खरंच उठल्या. लॉगिन मिळालं, निबंध उघडला, 'शोलापूर' टाकून गॅझेटियरही सापडलं.

रात्री वडिलांना फोन करून पहिल्यांदाच त्या दुसऱ्या वहीबद्दल विचारलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, त्यात सावकाराचं नाव एकच आहे, तेही ज्या वर्षी विहीर खणली तेव्हाचं. बाकी सगळी पानं खता-बियाण्याच्या दुकानाची उधारी. माल आला की दुकानदाराच्याच ओळखीच्या अडत्याकडे, म्हणजे बाजारातल्या दलालाकडे घालायचा आणि विक्रीच्या हिशेबपट्टीतून पैसे कापून जायचे. आता माझा विषयच चुकला का?

कपाट ३३०

चुकला नाही गं, आता सापडला. वडिलांनी सांगितलं त्याला अर्थशास्त्रात 'इंटरलिंकेज' म्हणतात. कर्ज देणारा आणि माल घेणारा एकच, किंवा एकमेकांना बांधलेले. १९८० च्या दशकात यावर भरपूर लिहिलं गेलंय. 'इंटरलिंक्ड', 'ट्रेडर क्रेडिट', 'इनपुट डीलर' हे शब्द टाक. निबंधावर विषयाचे कोड असतात, त्यातला क्यू १४ म्हणजे शेतीचा वित्तपुरवठा आणि ओ १२ म्हणजे आर्थिक विकासाचं सूक्ष्म पातळीवरचं विश्लेषण. दोन्ही लावून चाळण कर.

गुणक म्हणाले त्या कर्जाच्या पाहणीत कर्ज देणाऱ्यांच्या यादीत निविष्ठा, म्हणजे खत-बियाणं, विकणारा वेगळा दाखवलाय आणि अडत्या-व्यापारीही. 'सावकार' म्हणून सगळ्यांची एकत्र बेरीज करू नकोस, त्या ओळी सुट्या ठेव.

वडील तयार असतील तर ती वही घेऊन त्यांच्याजवळ बस. कुठल्या महिन्यात किती उधार, पट्टीतून किती कापलं, एवढं उतरवून घे. दुकानदाराचं नाव मात्र लिहू नकोस.